कोड कुणाच्या खिशात

माणसं पासवर्ड विसरतात हे मला कुणी शिकवू नये, त्यावरच माझं पोट चालतं. दिवाळीची सुट्टी संपली की विसरतात, पोंगलची संपली की विसरतात, घरी भांडून आले की विसरतात. मोठे साहेब तर आपण विसरलो असं कबूलच करत नाहीत, सिस्टीम विसरली म्हणतात. पण अलमेलूबाई विसरल्या असं कुणी म्हणालं, तर मी त्याला सरळ वेड्यात काढीन. आणि आमच्या हेल्पडेस्कच्या शहाण्यांनी नेमकं तेच लिहून ठेवलं होतं: "वापरकर्ती पासवर्ड विसरली. तक्रार बंद."

मी विद्युलता. मूळची नाशिकची, लग्नानंतर चेन्नईला आले आणि इथलीच झाले. तमिळ मला भांडण्यापुरतं उत्तम येतं. गिंडीला आमच्या कंपनीचं हेड ऑफिस आहे, तिथे बसून कुणाच्या नावावर कॉम्प्युटरचं कुठलं दार उघडावं आणि कुठलं उघडू नये, ते मी सांभाळते. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवते. कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला, आणि त्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर अलमेलूबाई. त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही.

त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या पूर्वजांनी कावेरीकाठी नेलेली मराठी त्यांच्या तोंडात अजून तशीच आहे, मधे मधे तमिळ मुरलेलं. मी पहिल्यांदा कारखान्यात गेले तेव्हा गेटपाशी मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते, ते त्यांनी ऐकलं आणि डब्यातली अर्धी इडली माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून त्या मला 'विद्या' म्हणतात आणि अगंतुगं करतात. कारखान्यात तो हक्क मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"विद्या, उद्या मजला चौकशीस बोलिवलेत. मी खराब माल पास केला म्हणतात. मी केला नाहीं गं."

"काय झालं ते सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. ब्रेकच्या एका भागाचा मोठा लॉट त्यांनी अडवून ठेवला होता. ओतकामात बुडबुडे राहिले होते, धातू आतून पोकळ. त्यांनी लाल चिठ्ठी लावली, शिफ्ट संपली, घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर लॉट गायब. तो गाडीत भरून गिऱ्हाइकाकडे पोचलासुद्धा होता. गिऱ्हाइकाच्या तपासणीत तडे सापडले, माल परत आला, आणि आमच्या सिस्टीमवर त्या लॉटसमोर ठळक अक्षरांत 'पास' आणि खाली नाव अलमेलूबाईंचं.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "त्याच सकाळी माझा पासवर्ड अर्धा चालला."

"अर्धा म्हणजे?"

"मशीन उघडलं. क्वालिटीचं पान उघडेना. तुमच्या हेल्पडेस्कच्या पोरास फोन केला, तो म्हणाला, अम्मा, तुम्ही विसरल्या. विसरले असते तर मशीन तरी कसं उघडलं? त्याने नवा करून दिला. पण मी विसरले नव्हते, हें लिहून ठेव."

ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. या बाईने आजाराचं नाव सोडून सगळी लक्षणं बिनचूक सांगितली होती, आणि आमच्या पोराने ती ऐकलीसुद्धा नव्हती.

आमच्याकडे एका माणसाचा पासवर्ड दोन ठिकाणी राहतो. एक कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरवर, त्याने मशीन उघडतं. दुसरा वर क्लाउडवर, त्याने क्वालिटीचं पान उघडतं. दोन्ही एकच असायला हवेत. खाली बदलला की वर आपोआप जातो. पण कुणी वर, 'पासवर्ड विसरलात?' या पानावरून बदलला, तर तो खाली यायचा रस्ता आमच्याकडे अजून उघडलेलाच नव्हता. खरं तर रस्ता बंद असेल तर वर बदल होऊच द्यायचा नसतो. ही सिस्टीम बसवून देणाऱ्या एजन्सीने ते अडवणारा खटका उघडाच ठेवून दिला होता. घराला दोन दारं, दोन्हींना एकच किल्ली. कुणीतरी पुढच्या दाराचं कुलूप बदललं आणि मागचं तेच राहिलं, असा प्रकार. अलमेलूबाई मागच्या दाराने आत आल्या आणि पुढचं उघडेना.

म्हणजे कुलूप कुणीतरी बदललं होतं. त्यांनी नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसने मी इरुंगाट्टुकोट्टैला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. अलमेलूबाई टेबलापाशी बसल्या होत्या, वेणीत रोजच्यासारखा कनकांबराचा गजरा, तोंड मात्र उतरलेलं. दोन वर्षांत निवृत्त व्हायच्या बेतात असलेल्या बाईला निलंबनाची भाषा ऐकवली होती. शेजारच्या टेबलावरची कनका, पंचविशीची पोरगी, वर न बघता काम करत होती, पण कान आमच्याकडे होते.

"तुमचा फोन कुठे आहे?" मी विचारलं.

"गेटावर. लॉकरमधें. अम्हांस आत फोन कुठे?"

हा कारखान्याचा जुना नियम. कामगारांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. आत फोन फक्त सुपरवायझरकडे.

मी त्यांच्या मशीनवर ते पान उघडलं, त्यांचं नाव घातलं आणि 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. मशीनने सांगितलं, तुमच्या नोंदलेल्या मोबाईलवर कोड पाठवला आहे.

आमच्या पाठीमागे टिंग वाजलं.

वळून बघितलं तर शिफ्टचा सुपरवायझर कार्तिकेय उभा होता. हसतमुख मुलगा, सगळ्यांना 'अक्का, अक्का' करणारा. त्याने खिशातून फोन काढला, बघितला आणि अगदी सहज म्हणाला, "अलमेलू अक्का, कोड वेणुमा, हवाय का?" आणि आकडे वाचायला लागला.

निम्मे आकडे वाचून झाल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबला.

"अक्कांचा कोड तुझ्याकडे कसा येतो?" मी विचारलं.

"सगळ्यांचाच येतो, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या शिफ्टमधल्या सगळ्यांचा. मीच वाचून देतो."

कनकाने हातातला भाग खाली ठेवला. बाकीच्या टेबलांवरच्या बायकांनीही मान वर केली. दर वेळी त्याच्याकडून कोड घेताना कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

हे झालं कसं, ते मला तिथल्या तिथे कळलं. कारखान्याच्या जुन्या सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावापुढे मोबाईलची जागा आहे. कामगाराचा फोन तर लॉकरमध्ये, मग घरून निरोप आला तर तो द्यायचा कुणाला? म्हणून त्या जागी वर्षानुवर्षं सुपरवायझरचा नंबर भरायची पद्धत. तेव्हा ते बरोबरच होतं. मग वर क्लाउड आला, खालची माहिती सगळी वर गेली, आणि निरोपासाठी दिलेला नंबर वर जाऊन किल्लीवाला झाला. ज्याच्याकडे निरोप, त्याच्याकडेच सही. कुणी कट केला नव्हता. पण आयतं सापडलेलं वापरायला कट लागत नाही.

चौकशी राममूर्तींच्या केबिनमध्ये होती. राममूर्ती कारखान्याचे प्रमुख. सगळं आयुष्य मशीनच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे बोलणंही मोठ्याने. आम्ही दोघी आत गेलो. मी जे घडलं ते तमिळमध्ये स्वच्छ सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही बाहेर कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाची माणसं ऑडिटला येतायत. इथे कुणीही कुणाच्याही नावाने पास करतं असं त्यांना कळलं, तर काम जाईल. सगळ्यांचं."

"मग?"

"मग अलमेलू अम्मांनी माफीचं लिहून द्यावं. चूक झाली, पासवर्ड विसरले, कोड दुसऱ्याला दिला. मी निलंबन करत नाही, नुसती ताकीद. आणि तुम्ही तुमची तक्रार 'विसरली' म्हणून बंदच ठेवा. ती तशीच आहे ना आता?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, वर फाशीची दोरी संन्याशानेच वळून आणायची. मी तोंड उघडलं, पण अलमेलूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सर," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "जे मी केलं नाही ते मी लिहिणार नाही."

"अम्मा, नोकरी राहते आहे तुमची."

"नोकरी राहील. नाव जाईल. तो भाग गाडीत बसला असता आणि ब्रेक लागला नसता, तर रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरी माझं नाव गेलं असतं. मी लिहिणार नाही."

"मग लिहून देईपर्यंत कामावर येऊ नका."

अलमेलूबाई उठल्या. केबिनच्या काचेतून सगळ्या लाइनने त्यांना पर्स घेऊन गेटकडे जाताना बघितलं. त्या ताठ चालत होत्या, पण लॉकर उघडताना त्यांना किल्ली लागेना. मी धावत गेले तर म्हणाल्या, "तू जा आत. तुझी नोकरी सांभाळ." मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग त्यांचा नव्हता.

मी आत गेले आणि माझ्या हातात होतं ते केलं.

आधी ती बंद तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं: वापरकर्ती विसरलेली नाही. मग शेवटच्या तपासणीतल्या सगळ्यांच्या नावापुढचा सुपरवायझरचा नंबर काढून टाकला. जागा रिकामी. आता कुणाचाही कोड कुणाच्याही खिशात वाजणार नव्हता. हे करायला मला कुणाची परवानगी लागत नाही, ते माझंच काम आहे. जाता जाता राममूर्तींना सांगितलंही. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

"सोमवारी काय आहे माहीत आहे ना, सर?" मी म्हटलं. "ही सगळी खाती एकाच दिवशी उघडली होती. म्हणून सगळ्यांचे पासवर्ड एकाच दिवशी संपतात. सोमवारी. नवा करायला कोड लागेल, आणि कोड यायला प्रत्येकीचा स्वतःचा नंबर लागेल. तो प्रत्येकीने स्वतः नोंदवायचा. मी सोमवारी गेटवर टेबल टाकून बसते. तुम्ही फक्त लॉकर उघडा."

ते एवढे ओरडले की बाहेर कुणीतरी मशीन बंद केलं. मी म्हटलं, "गिंडीला फोन करा," आणि बसमध्ये जाऊन बसले.

वाटेत पूनमल्ली यायच्या आत माझ्या साहेबांचा फोन आला. गिरिधर, माणूस वाईट नाही, फक्त कणा घरी विसरून येतो.

"विद्या, तू प्लँट बंद पाडणार आहेस का?"

"नाही. ज्याचं नाव त्याचा कोड, एवढंच करणार आहे."

"जुने नंबर परत टाक. ऑडिट होऊ दे, मग बघू."

"टाकते की. 'सगळ्या तपासनिसांचे कोड सुपरवायझरच्या फोनवर जावेत,' एवढी एक ओळ मला मेलवर पाठव. तुझ्या नावाने."



"तू फार हट्टी आहेस," तो म्हणाला.

"मेल पाठव."

मेल आली नाही. त्या संध्याकाळी नाही, शनिवारी नाही, रविवारी नाही. तोंडी हुकूम द्यायला सगळे शूर असतात.

घरी अण्णा नगरला नवऱ्याने विचारलं, नोकरी गेली तर? मी म्हटलं, गेली तर गेली, तुला इडल्या करून विकीन. तो म्हणाला, तुझ्या इडल्या कोण घेणार? हसलो दोघं, पण रविवारी मला जेवण गेलं नाही. भीती वाटत होती. ती वाटत नव्हती असं कशाला सांगू?

सोमवारी सकाळी मी गेटपाशी टेबल टाकलं, लॅपटॉप उघडला. आत मशीनं सुरू झाली आणि टेबलाटेबलावर तोच संदेश आला: तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे. कार्तिकेय खिसा चाचपत उभा राहिला, खिसा गप्प. एकही तपासणी सुरू होईना. 'पास' म्हणणारं कुणी नाही, म्हणून माल हलेना, आणि दोन गाड्या आवारात इंजिन बंद करून उभ्या.

शेवटी राममूर्तींनी लॉकर उघडायला सांगितलं. बायका आपापले फोन घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, पुढे कनका.

"नंबर सांग," मी म्हटलं.

कनकाने फोन पदराआड धरला. "आधी अलमेलू अक्का," ती म्हणाली.

"त्या नाहीत आज."

"म्हणूनच. पहिला नंबर अक्कांचा. मग आमचे."

मी हे तिला शिकवलं नव्हतं. शपथेवर सांगते, मला सुचलंसुद्धा नव्हतं. मागच्या सगळ्या जणी गेटजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काही मागितलं नाही. एकीने लिंबूभाताचा डबा उघडला. राममूर्तींनी येऊन एकेकीला नावाने समजावलं, मग दमात घेतलं, मग नियम सांगितले. "सर, नंबर माझा आहे," कनका म्हणाली, "तो कधी द्यायचा ते मी ठरवीन." बाकीच्या डबा खात राहिल्या. मला त्या पोरीला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

दुपारच्या जेवणाच्या भोंग्याआधी राममूर्तींनी स्वतः फोन लावला. "अम्मा, या," एवढंच म्हणाले.

अलमेलूबाई आल्या. तोच गजरा, हातात फोन. सगळ्या उभ्या राहिल्या.

"नंबर नोंदवा आणि काम सुरू करा," राममूर्ती म्हणाले. "झालं ते झालं."

"काय झालं, सर?" अलमेलूबाईंनी विचारलं. "ते आधी सांगा. लॉट कोणी पास केला?"

राममूर्ती गाड्यांकडे बघत राहिले. मग कार्तिकेय पुढे आला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मी केला, अक्का. कोड माझ्याकडे आला, मी नवा पासवर्ड घातला आणि पास केला." त्याने एकदा राममूर्तींकडे बघितलं. "सर म्हणाले होते, गिऱ्हाइकाची लाइन थांबतेय, गाडी बाहेर पडलीच पाहिजे, कसंही कर."

"मी असं कर म्हणालो नव्हतो," राममूर्ती म्हणाले.

"नाही, सर. कसंही कर म्हणालात."

मला राममूर्तींची कीव आली असं म्हणणं खोटं ठरेल, आली नाही. मग ते म्हणाले, "अलमेलू अम्मांनी तो लॉट पास केलेला नाही. तसं मी लिहून देतो. चौकशी रद्द." हे सगळ्या बायकांसमोर, गेटवर, मोठ्याने.

"सरी, ठीक आहे," अलमेलूबाई म्हणाल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांचा नंबर मी घातला. कोड त्यांच्या हातातल्या फोनवर वाजला. त्यांनी तो फोन पदराने झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"तिकडे बघ, विद्या."

"मी बघत नाहीये हो!"

"तरी तिकडे बघ."

मी तोंड फिरवलं. मागे कनका खुदकन हसली.

मग ओळीने सगळ्यांचे नंबर नोंदले गेले, मशीनं चालू झाली. अलमेलूबाईंनी आपल्या टेबलावर जाऊन क्वालिटीचं पान उघडलं. मला वाटलं, समोरचा ताजा माल घेतील. त्यांनी तो परत आलेला लॉट शोधून काढला. सिस्टीमवर त्याच्यासमोर अजून 'पास' होतं, आणि खाली त्यांचं नाव.

राममूर्ती मागे येऊन उभे होते. "अम्मा, तो राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यातले बरे निवडून पुन्हा पाठवायचा विचार आहे. तुम्ही नापास केलात तर सगळाच भट्टीत जाईल."

"आतलं पोकळ वरून निवडता येत नाही, सर," अलमेलूबाई म्हणाल्या.

मशीनने विचारलं, नक्की बदलायचं का? त्यांनी वळून एकदा राममूर्तींकडे पाहिलं, एकदा कार्तिकेयकडे. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "आता बघ गं. हें मी करत्यें."

आणि त्यांनी लॉट नापास केला.